टपालाची एकतीस मतं

ते प्रकरण आठवलं की आजही मी खुर्चीत सरसावून बसतो. खून नाही, दरोडा नाही. एका मराठी शाळेच्या संचालक मंडळाची निवडणूक! पण सगळ्या नोकरीत इतका चेव मला क्वचितच चढला असेल.

तेव्हा मी निजामाच्या जुन्या राजधानीत, आबिड्स भागात इन्स्पेक्टर होतो. सकाळची हजेरी आटोपत होती, तोच सत्तरीच्या एक बाई समोर येऊन बसल्या. त्याच शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. चार वेळा मंडळावर निवडून आलेल्या आणि पाचव्यांदा एकोणीस मतांनी पडलेल्या.

"बाई, हे संस्थांच्या रजिस्ट्रारकडे न्या," मी म्हणालो. हरलेला प्रत्येक उमेदवार चोरी झाली असंच म्हणतो, हा माझा अनुभव.

"हरल्याचं काही नाही हो. पण टपालाची मतं माझ्या विरोधात गेलीत. टपालाने मत देतात ती म्हातारी माणसं मला घरची मानतात. त्यांनीच मला नको म्हटलं असेल, तर मी पुन्हा शाळेची पायरी चढणार नाही. खरं काय ते एकदा कळू द्या."

"मग त्यांनाच विचारा की."

"मत कुणाला दिलंत, असं कुणाला विचारतात का?" बाईंनी मला वर्गात उभं केल्यासारखं झापलं. मी मुकाट्याने तक्रारअर्ज ठेवून घेतला.

दुपारी ठाण्यात फोन आला. "साब, डाक के वोटां देखो. और कुछ नै बोलता मैं." फोन बंद. तो कोण होता ते मला कधीच कळलं नाही.

आम्ही पंचनामा करून शाळेचं कपाट उघडलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या सभासदांना टपालाने मत देता येई. सोबत सहीची चिठ्ठी जोडावी लागे. निकालांच्या वहीत बाईंच्या चारही निवडणुका सापडल्या. दर वेळी टपालाची जवळजवळ सगळी मतं बाईंची. या वेळी एकतीसपैकी अठ्ठावीस विरोधात!

चिठ्ठ्या चाळायला घेतल्या. शाई वेगवेगळी, वळणही वेगवेगळं. काम सफाईचं होतं. आणि एकदम माझ्या अंगावर काटा आला. एकूण एक सह्या मराठीत होत्या! माझे वडील निजामाच्या राजवटीत शिकले. घरात मराठी, शाळेत उर्दू. त्यांनी मरेपर्यंत सही उर्दूतच केली. त्या पिढीच्या एकतीस माणसांत एकही तसा नाही?

जीप काढली ती थेट नल्लकुंट्याला, यादीतल्या सर्वांत वयोवृद्ध सभासदांकडे. मी त्यांचा जबाब लिहून पुढे केला. आजोबांनी चष्मा पुसला आणि उजवीकडून डावीकडे झोकात सही केली. मला टाळी वाजवावीशी वाटली!

"हमेशा अशीच करता?" मी विचारलं.

"आमच्या वक्ताला शाळेत सगळं उर्दूच होतं ना. पेन्शनला हीच, बँकेत हीच. आता या उमरीत बदलू काय?"

"आणि या वेळी मत?"

"कागदच आला नाही. मी समजलो, बाई बिनविरोध आल्या."

संध्याकाळपर्यंत आणखी अकरा घरी हेच ऐकलं. मग विजयी उमेदवाराला चौकशीला बोलावलं. पुण्याहून आलेले गृहस्थ, संस्थेचे सहचिटणीस. मतपत्रिका पाठवणं त्यांच्याच हातात होतं. निर्दोष माणूस ठाण्यात आधी गोंधळतो; हे मात्र नियमावली घडाघडा म्हणत होते.

"हे सगळे सभासद मराठीतच सही करतात?" मी सहज विचारलं.

"अर्थात! मराठी माणूस आणखी कशात करणार, साहेब?"

मी आजोबांचा जबाब पुढे सरकवून खालच्या सहीवर बोट ठेवलं. त्यांनी तो आधी उलटा धरला, मग सुलटा, मग पाणी मागितलं. पाणी पिऊन त्यांनी कबूल केलं: मतपत्रिका पोस्टात गेल्याच नव्हत्या. मेहुण्याला घेऊन त्यांनी त्या घरीच भरल्या होत्या. आठ वर्षं या शहरात राहून हा माणूस त्या म्हाताऱ्यांजवळ एकदाही निवांत बसला नव्हता, याचा मला गुन्ह्याइतकाच राग आला.

गुन्हा दाखल झाला, निवडणूक नव्याने झाली. आणि बाई पुन्हा पडल्या! या वेळी चार मतांनी, स्वतःच्याच एका विद्यार्थिनीकडून. मी हळहळत होतो, तोच बाई पेढे घेऊन ठाण्यात हजर.

"अहो, पण तुम्ही हरलात!"

"हरले हो, खरंच हरले. पण टपालाची मतं ऐकलीत का? एकतीसच्या एकतीस माझी!" आणि बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं.

ठाण्यात येणारा प्रत्येक जण जिंकायलाच येतो, असं मी तोवर धरून चाललो होतो. त्यानंतर तक्रार लिहून घेण्याआधी मी समोरच्याला विचारायचो, "तुम्हाला नेमकं काय कळायला हवंय?"