साडेअकराशे वेढे

आधीच सांगतो — भूत, भानामती, अंगात येणं, हे सगळं मी कॉलेजात असतानाच सोडलं. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंतही कोणी पोचलं नव्हतं. मी बी.एस्सी. झालो, फिजिक्स घेऊन. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस लागले...

गाव गडचिरोलीपासून एस्टीनं पाऊण तास, वैनगंगेच्या काठी. बाबा मासे धरायचे, जाळी घरीच विणायचे. विणायचे बाबा, मोजायची माय. बाबांना विसाच्या पुढे मोजता येत नाही. माय शेजारी बसून जाळ्याची घरं मोजायची, वीस झाली की एक चिंचोका बाजूला टाकायची, आणि पुरी झाली की म्हणायची, "भरलं." तेव्हाच बाबांचा हात थांबायचा. बाजूला व्हॉल्व्हचा रेडिओ चालू असायचा. तो मायचा लाडका.

माय गेली. बाबांची नजर आधीच अधू, त्यात बोलणंही तुटलं. कित्येक महिन्यांनी एकच वाक्य बोलले, "तिचा रेडिओ लावून दे नं."

लावला तर धूर! ट्रान्सफॉर्मर जळलेला.

तसा दुसरा शोधत चंद्रपूर, भद्रावती, नागपूरचं भंगार, सगळं पालथं घातलं. शेवटी चंद्रपूरला जळालेल्या मोटरींत नवी तार भरून देणारे रशीदभाई म्हणाले, "साहब, ये माल अब बनताच नहीं. ग्रॅज्युएट हो ना? खुद लपेटो." तार दिली, हाताची चरखी उसनी दिली आणि दारापर्यंत येऊन बजावलं, "पहली लपेट में गिनती कम पड़ी तो वॉल्व गए समझो. दूसरे किसी के पास नहीं."

म्हणजे संधी एकच.

पहिल्या गुंडाळीचे साडेअकराशे वेढे — हिशोब माझा, आकडा माझ्या खिशातल्या कागदावर. फेब्रुवारीतली सकाळ होती. ओसरीत मी तार ताणून धरली, चरखी बाबांनी स्वतःहून मागितली. मी मनात मोजत होतो. मधेच ऑफिसचा फोन आला, पाचेक मिनिटं चरखी थांबवली, मग आठवत होता त्या आकड्यापासून पुढे मोजायला लागलो.

"बस, बाबा. झालं."

चरखी थांबेना.

"बाबा, थांबा! मी मोजून राह्यलो नं!"

"तू? तू तं फोनवर भांडून राह्यला होता."

"अहो, पण पुरे झाले!"

"नाई भरलं. तुई माय म्हणते, दहा विसा बाकी हायेत."

अंगावर सरसरून काटा आला. पण खरं सांगतो, त्याहून जास्त राग आला. हात धरला असता तर तार तुटली असती, म्हणून तार ताणून धरूनच ठेवली. चिडून ते वेढेही मोजले. दोनशेव्याला बाबांचा हात आपोआप थांबला.

"भरलं," म्हणाले.

पुढच्या गुंडाळ्या कागदाप्रमाणे मीच केल्या. चार दिवसांनी व्हॉल्व्ह न लावता मीटर जोडला. व्हॉल्व्हमधल्या फिलामेंटला, म्हणजे आतल्या तापणाऱ्या तारेला, ६.३ व्होल्ट लागतात. माझी मोजणी खरी असती, तर त्या दोनशे जास्तीच्या वेढ्यांमुळे मीटरनं साडेपाचच्याही खाली दाखवायला हवं होतं.

दाखवले ६.३.

म्हणजे फोननंतर मीच दोनशे गाळून पुढचा आकडा धरला होता! माझ्या म्हणण्यावर थांबलो असतो तर वेढे कमी पडून साडेसातच्याही वर व्होल्ट आले असते, आणि तेवढ्यावर व्हॉल्व्ह संपलेच असते.

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्याच्या हाताचा अंदाज. जाळ्यात असेल हो... पण ट्रान्सफॉर्मर त्यांनी जन्मात पहिल्यांदा हाताळला होता, आणि आकडा मी तोंडातून काढलाच नव्हता. योगायोग म्हणून पाहिलं, पटत नाही. शिकलेलं सगळं आठवून पाहिलं, उत्तर सापडत नाही.

व्हॉल्व्ह लावले. ते तांबूस झाले, खरखर झाली आणि मग धानाचे बाजारभाव सांगणारा स्पष्ट आवाज. बाबांनी भिंतीला डोकं टेकलं.

"बाबा, मोजण्यात माझीच चूक झाली होती."

"मले काऊन सांगतं? तिले सांग."

ओसरीत तिसरं कोणी नव्हतं. मी बाबांच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळलो आणि मोठ्यानं म्हणालो, "माय, चुकलो."