नलूची चेन आणि दुबेजींची गस्त

इकडे हिंदी मुलखात, बरखेड्यात, आमच्या क्वार्टरांसमोरच्या पार्कात रोज संध्याकाळी आम्ही म्हाताऱ्या बसतो. एकीने चोरांचा विषय काढला, की दुसरी लगेच पोलिसांचा काढते! नलूची चेन गेल्यापासून तर विचारूच नका.

नलू माझी मैत्रीण. दिवसाउजेडी बाइकवरच्या दोघांनी मागून येऊन तिच्या गळ्यातली चेन ओढून नेली. तेव्हापासून बाई घराबाहेर पाय ठेवीना. मी म्हटलं, चेन गेली ती गेली, नलू घरात कोंडून राहता कामा नये! तडक पोलीस ठाणं गाठलं.

*

थानेदार म्हणाले, "अम्मा, गश्त तो रोज़ होती है।"

"भगवान है क्या, कि है पर दिखती नहीं?"

सगळं ठाणं हसलं. पण दुसऱ्याच दिवशी जीप सुरू!

*

जीप आली ती सायरन वाजवत! पाण्याच्या टाकीमागे दारू पिणारं टोळकं सायरन ऐकून उठायचं, जीप गेली की परत बसायचं. मी हवालदार दुबेजींना अडवलं, "भैया, ख़बर देके पकड़ने आते हो?"

सायरन बंद झाला. टोळकं ग्लासांसकट सापडलं!

*

मग मी दुबेजींना जीपमधून खाली उतरवलं. जीप कोपऱ्यावर ठेवून ते गल्लीत पायी फिरू लागले. पण प्रत्येक फाटकात कोणीतरी उभी! कुठे चहा, कुठे चकली.

"अम्मा, चोर घट गए, मेरा पेट बढ़ गया!"

*

शेजारचे पटवर्धन, रिटायर्ड इंजिनिअर. म्हणाले, "वहिनी, गस्तीनं काही होत नाही. कॅमेरे हवेत."

"तुमच्या फाटकावर आहे की! नलूची चेन जाताना त्यानं सगळं बघितलं. ओरडला का?"

अहो, नुसत्या गस्तीनं चोर संपतात असं मीही म्हणत नाही. पण ओळखीची खाकी रोज गल्लीतून गेली की बायका फाटकाबाहेर येतात. आणि बायका बाहेर असल्या की चोराला ती गल्ली नकोशी होते!

*

सगळ्या बाहेर आल्या, नलू मात्र आतच. शेवटी एका संध्याकाळी दुसरी चेन घालून आमच्यासमोर उभी राहिली. "गणपतीला जाऊन येते. एकटी!"

परत येताना आम्हाला लांबून दिसली. हातात पिशवी, पिशवीत प्रसादाचा नारळ. आम्ही पार्कातून उठून उभ्या. नेमकी त्या दिवशी जीप बिघडलेली, म्हणून दुबेजी हेल्मेट घालून बाइकवर. नलू एकटी दिसली, तर तिला सोबत करावी म्हणून त्यांनी मागून बाइक हळूच जवळ आणली.

नलूनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. पिशवी गरकन फिरवली आणि हाणली!

दुबेजी बाइकसकट मेंदीच्या कुंपणात! हेल्मेटला हा एवढा पोचा! आतून आवाज, "माताजी, मैं हूँ! दुबे!"

आम्ही धावलो. वाटलं, आता ही रडणार आणि कायमची घरात बसणार. नलूनं पिशवी चाचपली. नारळ फुटला होता. दुबेजींना हात देऊन उठवलं, त्यांच्या तळहातावर खोबऱ्याचा तुकडा ठेवला आणि म्हणाली,

"रोज़ आइए, भैया। मगर सामने से!"