आप्पाच्या मापाची गाडी

आप्पा टपरीवर चहा मागवायचा तो सगळ्यांसाठी आणि स्वतःच्या चवीचा. ‘पाच कडक, साखर जास्त’ असं सांगून तो मोकळा व्हायचा. उरलेल्या चौघांना विचारण्याची पद्धत त्याच्याकडे नव्हती. पुढे त्याला मधुमेह निघाला आणि त्या आठवड्यापासून आम्ही सगळेच बिनसाखरेचा चहा पिऊ लागलो. कोणी कुरकुर केलीच तर म्हणायचा, “पिऊन तर बघ. मी काही वाईट मागवेन का?” पैसे तोच द्यायचा, त्यामुळे पुढचं बोलणं खुंटायचं.

वारज्याला आमच्या सोसायटीत तो माझ्या वरच्या मजल्यावर राहायचा. अंगाने आडवा, शंभर किलोच्या किंचित आत. मी छप्पन्न. म्हणून तो मला पैलवान म्हणायचा. लिफ्टमध्ये, जिन्यात, माझ्या मेहुण्याच्या लग्नात सुद्धा. तो एका औषध कंपनीत विक्रीचं काम बघायचा. मी एका कारखान्याचं भांडार सांभाळतो. कुठली वस्तू, किती आणि कोणासाठी, हे आधी लिहायचं आणि मग हात लावायचा, ही माझी सवय. आप्पाला त्या सवयीचं फार हसू यायचं. त्याच्या लेखी सगळ्या वस्तू सगळ्यांसाठीच असायच्या.

माझी आई दवाखान्यात होती तेव्हा आप्पा रोज सकाळी डबा घेऊन यायचा. एकही खाडा नाही. पहिल्या दिवशी त्याने पाहिलं की मी ऑफिसच्याच कपड्यांत बसलोय, तर दुपारी पायजमा आणि सदरा घेऊन हजर. स्वतःचा. एका हाताने कमरेशी पायजमा धरून मी औषधांच्या दुकानापर्यंत धावलो, ते खिडकीतून बघून आई हसली. त्या दुखण्यात ती मनापासून हसली ती तेवढीच. असा माणूस. त्याच्यावर रागावायचं तरी कुठून सुरू करायचं, हे मला बरीच वर्षं समजलं नाही.

पन्नाशीच्या आसपास आम्हा दोघांना क्वाडचं वेड लागलं. क्वाड म्हणजे चार फुगीर चाकांची मोटारसायकल. पानशेतच्या बाजूला रिसॉर्टवर पोरंटोरं गोल गोल चालवतात ती सुस्त असते. आम्ही घेतली ती शर्यतीच्या जातीची. हलकी, रुंद आणि एकाच माणसाची बैठक. जुनीच होती, निम्मी त्याची, निम्मी माझी. रस्त्यावर चालवायची परवानगी नाही, म्हणून वाघोलीच्या पुढे एका बंद पडलेल्या दगडखाणीच्या मालकाची परवानगी काढली, तिथल्या शेडमध्ये गाडी ठेवली, आणि दर रविवारी जायचं ठरलं. मुरुमाचा चढ, सुट्या दगडांचा एक टप्पा, मग खाणीच्या कडेने लांब वळण. पहिल्या दिवशी आम्ही दोघं धुळीने लालभडक होऊन घरी आलो. जिन्यात वहिनी, म्हणजे आप्पाची बायको, भेटल्या. म्हणाल्या, “अंघोळ तिकडेच करून यायची होती, पाणी तरी वाचलं असतं.”

गाडीत एकच दोष होता. तिचे शॉकअप, म्हणजे धक्के झेलणारे स्प्रिंगचे दांडे, मूळचेच, थकलेले. दगडांच्या टप्प्यावर ते टणकन तळाला लागायचे आणि कळ थेट मणक्यात जायची. तेव्हा पुढचे दोन आणि मागचा एक असे तिन्ही बदलून जास्त खोल दबणारे, चांगले घालायचे असं ठरवलं. नाना पेठेत इनामदारभाईंचं दुकान आहे, तिथे दोघं गेलो. भाईंनी पहिला प्रश्न विचारला, चालवणारा किती किलोचा? हेल्मेट, बूट, पाण्याची पिशवी सगळं धरून. मग त्यांनी कारणही सांगितलं. स्प्रिंग माणसाच्या वजनाप्रमाणे येते. जड माणसाच्या स्प्रिंगवर हलका बसला तर गाडी दबतच नाही, प्रत्येक दगड त्याला वर उडवतो. उलट केलं तर गाडी पोटावर आपटते. आमच्यात चाळीस किलोंचा फरक. मी लगेच म्हटलं, शॉकअप तेच ठेवू, स्प्रिंगचे दोन संच घेऊ. एका रविवारी त्याचे, एका रविवारी माझे. बदलायला एक सकाळ जाईल. भाईंनी मान डोलावली. आप्पाने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “पैलवान, हे माझ्यावर सोड. मी बोलतो भाईंशी.”

‘माझ्यावर सोड’ हे त्याचं आवडतं वाक्य. आमच्या सहली, सोसायटीचा रंग, माझ्या मुलाचं कॉलेज, सगळं एकेकदा त्याच्यावर सोडून झालेलं. आठवड्याने त्याने सांगितलं की मधल्या वजनाचा एकच संच मागवला, दोघांचंही भागेल. मी हो म्हटलं. भांडारात मी असं कधीच मान्य केलं नसतं.

नवे शॉकअप बसले त्या दिवशी मोजमाप करायचं होतं. गाडी रिकामी असताना किती उंच, माणूस बसल्यावर किती दबते, ते टेपने बघायचं आणि त्याप्रमाणे स्प्रिंगचा ताण फिरवून बसवायचा. आप्पा हेल्मेट, बूट घालून ऐटीत बसला. मी गुडघ्यांवर बसून टेप धरली. गाडी पुस्तकात म्हणतात तेवढीच दबली, अगदी काट्यावर. माझी पाळी आली तोवर आप्पाने डबा उघडला होता. “जेवण गार होतंय. तुझं नंतर बघू.” ते नंतर बघणं राहूनच गेलं.

त्यानंतर आप्पा त्या दगडांवरून असा जाऊ लागला की बघत राहावं. एवढा देह, पण खाली गाडी पाण्यासारखी वाहायची. मी बसलो की तीच गाडी बिथरायची. दगडावर चढली की मागची चाकं मला आसनावरून फेकायची, हँडल हातात थरथरायचं, चढावर पुढची चाकं भरकटायची. आप्पा कडेला उभा राहून शिकवायचा. हात सैल सोड, गुडघ्यांनी टाकी धर, लांब बघ, चाकाकडे बघू नकोस. मी घरी येऊन माझ्या चुका लिहून काढायचो आणि पुढच्या रविवारी एकेक सुधारायला घ्यायचो. सगळ्या सुधारल्या तरी गाडी फेकायचीच. ताण सैल करून बघितला, थोडा फरक पडला, तर आप्पाने आपल्या पाळीला तो परत आवळला. माझी मनगटं सुजायला लागली. सोसायटीत आप्पा सगळ्यांना मोठ्या प्रेमाने सांगायचा, “पैलवान मेहनती आहे हो, पण अंगातच नसेल तर काय करणार? मनातून घाबरतो तो.” दुसरा पावसाळा संपेपर्यंत ते मलाही पटलं होतं.

मग एकदा चेनसाठी नाना पेठेत गेलो, एकटाच. भाईंनी सहज विचारलं, आप्पासाहेबांची गाडी कशी चालते? मी म्हटलं, त्यांची छान, माझी नाही. भाईंनी चेन काउंटरवर ठेवली. “तुम्ही पण चालवता? त्या स्प्रिंगवर तुम्ही बसता कसे, साहेब? मी पूर्ण शंभर किलोच्या दिल्यात. त्यांनी तेवढंच वजन सांगितलं होतं.”

संध्याकाळी पार्किंगमध्ये आप्पाला गाठलं. तो कार लावून कलिंगडं उतरवत होता. एक स्वतःला, एक आमच्यासाठी. मी म्हटलं, तू मधलं वजन सांगितलं होतंस.

“मधल्याने दोघांचंही बिघडलं असतं रे. म्हटलं, एकाचं तरी नीट होऊ दे.”

“आणि तो एक तू.”

आप्पा रागावला नव्हता, ओशाळलाही नव्हता. त्याला प्रश्नच कळला नव्हता.

“मग दुसरं कोण?” तो म्हणाला, आणि कलिंगड माझ्या हातात दिलं.

दुसरा संच घेऊ, हे मी पुन्हा सांगितलं. दर वेळी गाडी उचला, चाकं काढा, अर्धा दिवस त्यात घालवा, एवढा वेळ कोणाला आहे, असं तो म्हणाला. मी जाणं थांबवलं नाही. रविवारी खालून हॉर्न वाजला की जायचो. हवा भरायचो, चेनला तेल द्यायचो, धूळ पुसायचो. निम्म्या मालकीची गाडी मी पूर्ण सांभाळायचो आणि आप्पा पूर्ण चालवायचा. मला बरं वाटावं म्हणून शेवटी एक सपाट चक्कर तो आवर्जून द्यायचा. “जा, दगडाकडे जाऊ नकोस मात्र.”

मग तो निवृत्त झाला आणि वरच्या घराला कुलूप लावून मुलीकडे बेंगळुरूला राहायला गेला. निघताना गळ्यात पडून रडला. गाडी तुझीच समज, म्हणाला. दर रविवारी सकाळी त्याचा फोन यायचा. खाणीत पाणी साचलंय का, मुरूम बसलाय का. आणि प्रत्येक वेळी, “सांभाळून रे पैलवान.”

पुढच्याच महिन्यात मी भाईंकडून माझ्या वजनाच्या स्प्रिंग आणल्या. टेप धरायला खाणीच्या राखणदाराला बोलावलं. गाडी माझ्याखाली पहिल्यांदा दबली, जेवढी दबायला हवी तेवढीच. दगडांचा टप्पा कसा गेला ते मला कळलंच नाही. परत फिरून पुन्हा गेलो. हात सैल, गुडघे टाकीला, नजर लांब. शिकलेलं सगळं अंगात होतं. खाली उतरलो तेव्हा आनंद व्हायला हवा होता. मला आठवत होते ते सुजलेली मनगटं शेकत काढलेले दोन हिवाळे, आणि लिफ्टमधली ती प्रेमळ वाक्यं.

दिवाळीनंतर आप्पा चार दिवसांसाठी आला. वहिनींनाही घेऊन आम्ही खाणीवर गेलो. पहिली पाळी त्याने मला दिली. मी चढ चढलो, दगडांवरून सरळ गेलो, कडेच्या वळणावरून धूळ उडवत परत आलो. आप्पा टाळ्या वाजवत होता. डोळ्यांत खरंच पाणी होतं. वहिनींना म्हणाला, “बघितलंस? म्हणत नव्हतो मी, स्प्रिंग बरोबर आहेत म्हणून. आता कुठे याचं अंग त्यांना सरावलं.” आणि त्याने माझ्या हातातलं हेल्मेट घेतलं.

आता सांगणं भाग होतं. त्या वजनाने दगडांवर गेला असता तर गाडी आपटून तो फेकला गेला असता. मी म्हटलं, “आप्पा, दगडांवर नेऊ नकोस. स्प्रिंग बदलल्यात. माझ्या वजनाच्या आहेत.”

तो तरीही बसला. गाडी कण्हत खाली गेली आणि तशीच राहिली. एकदा अंग हलवून त्याने बघितलं आणि सावकाश उतरला. जुन्या स्प्रिंग तेल लावून शेडमध्ये ठेवल्यात, उद्या सकाळी बसवून देतो, असं मी म्हणालो. त्याने ते ऐकलं की नाही, माहीत नाही. हेल्मेट त्याने आसनावर ठेवलं.

“मला एकदा विचारायचंस तरी,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पान्यांची पिशवी घेऊन वरच्या मजल्यावर गेलो, तर आप्पा भावाकडे निघून गेला होता. दार वहिनींनी उघडलं. माझ्या हातातल्या पिशवीकडे बघून त्या म्हणाल्या, “तीस वर्षं मी ह्यांच्याच चवीचं जेवते आहे, भाऊजी. तुम्हाला तेवढ्या स्प्रिंग जड झाल्या?” तो टोमणा मला होता की आप्पाला, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर आप्पाचा फोन आला नाही. मी दोनदा केला, दोन्ही वेळा वहिनींनी घेतला. ते फिरायला गेलेत, म्हणाल्या. आता रविवारी फोनसाठी थांबायचं नसतं, त्यामुळे मी लवकर निघतो आणि ऊन चढायच्या आत वाघोली गाठतो. गाडी उत्तम चालते.