थोरल्या साडूंची बेसिक

आमच्या थोरल्या साडूंइतका एका भाषेवर जीव ओवाळून टाकणारा माणूस उभ्या मराठवाड्यात सापडणार नाही, आणि गंमत अशी की ती भाषा जाणणारा दुसरा माणूस खुद्द साडूंना ईट गावात आजवर सापडलेला नाही. ही भाषा मराठी नव्हे, कानडी नव्हे, उर्दूही नव्हे. तिचं नाव बेसिक. संगणकाला हुकूम सोडायच्या शेकडो भाषा असतात म्हणे, त्यातली ही नवशिक्यांसाठी मुद्दाम सोपी करून घडवलेली. माणूस भेटला की लोक पाऊसपाणी विचारतात, साडू बेसिकची चौकशी करतात. माझं लग्न ठरायच्या वेळी मुलगा बघायला सासरकडून हेच आले होते. जमीन किती, पगार किती, पानतंबाखू खातोस का, यातलं एक अक्षर न विचारता त्यांनी मला विचारलं, "कंप्युटरला हात लावलाय का कधी?" मी पाटबंधारे खात्यात नुकता चिकटलेला कारकून. आमच्या कचेरीत तेव्हा टाइपरायटरलासुद्धा सगळ्यांना हात लावू देत नसत. मी घाबरत घाबरत 'नाही' म्हणालो. "बेस झालं," साडू खूश होऊन म्हणाले, "कोरी पाटी हाय." आणि तेवढ्यावर माझं लग्न ठरलं. त्या कोऱ्या पाटीवर चाळीस वर्षं लिहूनही अक्षर उमटलं नाही, हे दुःख त्यांनी मोठ्या मनानं गिळलं आहे.

खरं तर साडू शाळेत चित्रकलेचे मास्तर. मॅट्रिकला गणितात दोनदा आपटलेले. त्यांचा आणि संगणकाचा संबंध यायचं काही कारणच नव्हतं. पण शाळेत सरकारकडून एक संगणक आला, हेडमास्तरांनी तो आधी महिनाभर कपाटात कुलूपबंद ठेवला, आणि मग तो शिकून यायला कुणाला धाडायचं हा प्रश्न पडला. गणिताच्या सरांच्या घरी त्या उन्हाळ्यात तीन लग्नं होती. विज्ञानाच्या सरांच्या विहिरीचं काम निघालं होतं. चित्रकलेच्या मास्तरला काही काम नसतं अशी सगळ्या जगाची समजूत आहे, तिला अनुसरून साडूंना एसटीत बसवून देण्यात आलं. प्रशिक्षणाच्या ठिकाणी शिकवणाऱ्यानं पहिल्याच तासाला सांगितलं की, अमेरिकेतल्या एका कॉलेजात दोन गणिताच्या प्राध्यापकांना वाटलं, हे यंत्र नुसतं शास्त्राच्या पोरांनीच का वापरावं? साहित्य, इतिहास शिकणाऱ्या पोरांनाही ते चालवता यावं, म्हणून त्यांनी ही भाषा केली. साडू म्हणे मागच्या बाकावरून ताडकन उठले आणि म्हणाले, "म्हंजे साहेब, ही आमच्यासारख्यासाठीच केलीय म्हना की!" दुपारी त्यांनी दोन ओळी लिहिल्या आणि यंत्रानं त्या निमूटपणे ऐकल्या. हा प्रसंग मी त्यांच्या तोंडून किमान शंभर वेळा ऐकला आहे, आणि दर वेळी शेवटी ते एकच वाक्य म्हणतात, "साडूभाऊ, गणिताच्या खोलीत बसून म्या जिंदगीत पहिल्यांदा भ्यालो न्हाय." त्यांची थट्टा करायला मी नेहमी तयार असतो, पण या वाक्यापाशी माझी जीभ कधी वळली नाही.

आपल्याकडं काही वर्षांनी एकदा हेळवी येतो, ओसरीवर बसून चोपडी उघडतो आणि आपल्या घराण्याच्या पिढ्यान् पिढ्या वाचून दाखवतो. साडू बेसिकचे हेळवी आहेत. दोनशे पानी वहीत त्यांनी तिची वंशावळ काढली आहे, आणि चित्रकलेचा हात असल्यामुळं तिला वडाच्या झाडासारख्या पारंब्याही दाखवल्या आहेत. मूळ माउली चौसष्ट सालची. तिच्यानंतरची एक टायनी नावाची, इतक्या थोडक्या जागेत मावणारी की मोबाइलवर रोज सकाळी येणाऱ्या सुप्रभातच्या फुलाच्या एका पाकळीतही तिला निजता येईल. एक अशी की नुसती कळ दाबली की अख्खा शब्द उमटवायची. एक इंग्लंडात वाढलेली, शिस्तीची, साडूंच्या शाळेत नांदायला आली ती हीच. मग जीडब्ल्यू, जिच्या नावातल्या या दोन अक्षरांचा अर्थ काय यावर जाणत्यांचंही एकमत नाही. आपल्या गावाकडं अशी एक आत्या असतेच, जिला बाळी का म्हणतात ते कुणालाच ठाऊक नसतं. त्याच्याही पुढची पिढी निघाली, तिनं ओळींना आकडे घालायची पद्धतच सोडली. ते पान वाचताना साडूंचा आवाज पडायचा. मी एकदा म्हणालो, "एवढ्या बेसिका, एकीचं दुसरीला कळत नाही, मग ती एक भाषा कशी?" तर माझ्यावरच उखडले. "भूमची मराठी आन् उमरग्याची मराठी एक हाय का? तरी बाजार व्हतोच की!"

एक मे हा आपला महाराष्ट्र दिन. पण बेसिकही नेमकी एक मेलाच पहिल्यांदा चालली, हा योग साडूंना दैवी वाटतो. झेंडावंदन झालं की ते सगळ्यांना स्वखर्चानं बुंदीचे लाडू वाटायचे. गावाला वाटायचं, काय हा माणूस, महाराष्ट्रावर किती प्रेम! एका वर्षी प्रमुख पाहुण्यांनी भाषणात त्यांच्या राज्यप्रेमाचं तोंडभरून कौतुक केलं, तेव्हा साडूंना राहवेना. माईक ओढून घेऊन त्यांनी वीस मिनिटं खरं कारण सांगितलं. पुढच्या वर्षीपासून झेंडावंदनाला माईक लावणं बंद झालं, लाडू मात्र चालू राहिले.

आता ते ओळींचे आकडे. बेसिकमध्ये प्रत्येक ओळीला आकडा द्यायचा आणि तो दहादहाच्या अंतरानं द्यायचा, म्हणजे मागाहून काही आठवलं तर मध्ये घालता येतं. शेवटी यंत्राला थांबायला सांगायचं, किंवा परत वर धाडायचं. ही रीत साडूंच्या हाडीमासी इतकी खिळली की त्यांच्या घरात डाळीच्या डब्यांवरही दहा, वीस, तीस असे आकडे होते. थोरल्या मुलीच्या लग्नात त्यांनी सत्काराची यादी अशीच केली. आमच्या भागात अक्षता पडायच्या आधी मांडवात माईकवरून एकेक नाव पुकारून फेटे बांधायची पद्धत आहे, आणि एखादं नाव राहिलं तर सात पिढ्या तुटतात. साडूंनी यादी लिहिली: दहा, नवरदेवाचे आजोबा. वीस, मामा. असं करत एकशे नव्वदपर्यंत, आणि खाली सवयीनं लिहिलं, 'परत दहावर जा.' माईकवाला बिचारा आज्ञाधारक. यादी संपली तसा तो परत दहावर गेला. आजोबांना पुन्हा बोलावलं, पुन्हा फेटा बांधला. तिसऱ्यांदा पुकारा झाला तेव्हा डोक्यावर दोन फेटे घेतलेले आजोबा काठी टेकत उठले आणि शेजाऱ्याला म्हणाले, "ह्या लोकांत तीनदा मान देत्यात वाटतं." मुहूर्त निसटायला आला होता. तेव्हा साडूंची बायको, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमची आक्का, नऊवारीचा पदर खोचून स्टेजवर चढली, माईकवाल्याच्या हातातून यादी ओढून घेतली आणि चुरगाळून टाकली. साडू नंतर ओशाळून म्हणाले, "थांबायची ओळ लिहायची राहिली." आक्का म्हणाली, "तुमच्या समद्या कामाला थांबायची ओळ मीच हाय."

आणि हीच आक्का साडूंच्या आयुष्यातली एकुलती एक हार. निवृत्तीनंतर त्यांनी पुतण्यानं टाकून दिलेला एक संगणक घरी आणला, नवशिक्यांना सोपं जावं म्हणून कीबोर्डाच्या एकेका कळीवर बारीक कुंचल्यानं ए, बी, सी असं मराठीत रंगवलं. शिकवणी फुकट. पोरं यायची, चार ओळी ओरडून पाठ करायची आणि मोबाइल मिळाला की पांगायची. त्याचं साडूंना काही वाटत नसे. त्यांचा डोळा आक्कावर होता. ती चौथी शिकलेली. "ही भाषा जिच्यासाठी केली ती बाई माझ्याच घरात हाय, आन् तिलाच येत न्हाय," असं म्हणून ते तिच्यामागं लागायचे. एक प्रोग्राम लिही, एकच, दोन ओळींचा. आक्का दाद द्यायची नाही. कुणा परदेशी विद्वानानं म्हणे, बेसिक शिकलेल्याचं डोकं कायमचं बिघडतं अशा अर्थाचं काही लिहून ठेवलं आहे. साडूंनी त्या विद्वानाला कधी माफ केलं नाही, आणि आक्का घरात त्याचीच बाजू घ्यायची. पण एकदा मला एकट्याला ती म्हणाली होती, "दाजी, चौथीतनं शाळेतनं काढलं तवा मास्तर म्हनलं, हिच्या डोक्यात काय शिरनार न्हाय. आता म्हातारपनी येक यंत्र बी तेच म्हनलं तर?"

गेल्या वर्षी साडूंना दिसायला कमी आलं. बार्शीच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, काचबिंदू आहे, गेलेली नजर परत यायची नाही, राहिलेलीही हळूहळू जाईल. कडेनं अंधार आत सरकत आला होता. मधे पावलीएवढा उजेड उरला होता, त्यातून ते जग तुकड्यातुकड्यानं बघायचे. मी भेटायला गेलो तेव्हा हसून म्हणाले, "बघायचं समदं बघून झालं, साडूभाऊ. हिनं लिहिलेला येक प्रोग्राम तेवढा पडद्यावर बघायचा ऱ्हायला." आणि त्या दिवसापासून त्यांनी आक्काच्या मागं लागणं सोडून दिलं. वही मिटली, संगणकावर रुमाल घातला, बाजेवर पडून राहू लागले.

महिन्याभरानं आक्काचा फोन आला. "दाजी, या की. चाळीस वर्सं ह्या मान्सानं माझं डोकं खाल्लं, आन् आता गप बसलाय. घर खायला उठतंय." मी धाराशिवहून दुपारची एसटी धरली. पोचलो तर साडू बाजेवर डोळे मिटून पडलेले. आक्कानं मला खुणेनं संगणकापाशी नेलं, माझ्या हातात कागद-पेन्सिल दिली आणि कुजबुजली, "माझं नाव इंग्रजीत लिहून द्या. येकेक अक्षर मराठीत सांगा."

मला वाटलं, मी सगळं लिहून द्यावं. "आक्का, प्रोग्राम पण सांगू का?" असं मी विचारलं.

"ते येतंय मला," ती म्हणाली. "भिताडाला बी येत आसंल आता. फकस्त माझं नाव कसं लिहित्यात ते कुनी सांगितलं न्हाय."

मी कागदावर पाच अक्षरं लिहून दिली. आक्का खुर्चीत बसली आणि एका बोटानं कळी शोधत, मधे एकदाही माझ्याकडं न बघता, तिनं दहा लिहिलं, प्रिंट, म्हणजे पडद्यावर दाखव, असं लिहिलं, त्यापुढं आपलं नाव लिहिलं. मग रन, म्हणजे चालव. पडद्यावर यंत्रानं उत्तर दिलं: शून्य.

आक्कानं हात मागं घेतला. "बघा," ती म्हणाली, "म्या म्हनलं व्हतं की न्हाय. शून्य." तिचा आवाज इतका बारीक झाला की मला त्या डबड्याचा राग आला. ती उठायला लागली.

"उठू नगंस." बाजेवरून आवाज आला. साडू जागे होते. कळींचा आवाज पहिल्यापासून ऐकत होते. "शून्य आलं का? लई झ्याक! माझं बी पहिल्या दिवशी शून्यच आलतं." ते उठून बसले, आणि महिन्याभरात पहिल्यांदा त्यांच्या आवाजात मास्तर बोलू लागला. "त्याला वाटलं तुझं नाव म्हंजे येक डबा हाय. त्यानं उघडून बघितलं, डबा रिकामा. म्हनून शून्य म्हनलं. तुला न्हाय म्हनलं. आता असं कर, नावाच्या दोन्ही अंगाला त्या दोन-दोन काड्या लाव, कुनाचं बोलनं लिहिताना लावत्यात त्या. शिफ्ट दाबून. मग ते इचार करत न्हाय, जसं सांगशील तसं म्हनतंय."

आक्का परत बसली. काड्या सापडायला वेळ लागला. अलीकडच्या लावल्या, पलीकडच्या लावल्या, रन लिहिलं, मोठी कळ दाबली. काळ्या पडद्यावर पाच पांढरी अक्षरं उमटली. ती बाजूला सरकली.

साडू भिंतीचा आधार घेत आले. त्यांच्या उरलेल्या उजेडात एका वेळी एकच अक्षर मावत होतं. नाक पडद्याला टेकवून ते वाचू लागले. एस. मान जरा सरकवली. यू. पुढचं हरवलं, परत मागून आले. एम. ए. एन. मग ते सरळ उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन."

लग्नातल्या उखाण्यानंतर त्यांनी बायकोचं नाव कधी तोंडानं घेतलं नव्हतं. त्यांच्या पिढीत कुणी घेत नाही. पन्नास वर्षं 'अगं' आणि 'ऐकलंस का' यावर भागलं होतं. आक्कानं पदर तोंडाला लावला आणि म्हणाली, "व्हय."

आता साडूंना काहीच दिसत नाही. पण बाजेवरून हाक मारतात ती नावानंच मारतात, आणि आक्का या वयातही दर वेळी लाजते.