कुंभवलीच्या मातीतलं रिंगण

सुमनताई झोपेतच गेल्याचं तिच्या घरमालकिणीने मला फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "तिचं आपलं असं कोन हाय का? किल्ली कोनाला देऊ?" मी म्हटलं, मला द्या. सख्खं असं तिला कोणी उरलंच नव्हतं. ऐंशीच्या दशकात आम्ही दोघी बोईसरच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत होतो, एवढंच काय ते आमचं नातं.

आमचं काम मातीतल्या बुरशा वाढवून पाहण्याचं. जंतूंच्या अंगाभोवती एक भिंत असते. ती बांधूच न देणारं नवं द्रव्य एखाद्या बुरशीत मिळतं का, याचा शोध. मिळालं, तर काचेच्या बशीत त्या बुरशीभोवती जंतू नसलेलं स्वच्छ रिंगण दिसतं. ताईला त्या रिंगणापलीकडे काही सुचत नसे. कोणी गावाला निघालं की ही पेढ्यांऐवजी चिमूटभर माती मागायची. सातपाटीत मासे वाळवायच्या जागी ती वाकून माती खरवडू लागली, तेव्हा एक मावशी म्हणाली, "बाय, म्हावरा सोडून माती काय नेते? घरी खानारं कोन नाय काय?" ताई खळखळून हसली, पण परतताना एसटीत मातीची पुडी मांडीवर उलटसुलट करत बसली... लग्नाचा विषय निघाला की म्हणायची, "आधी एक औषध सापडू दे गं."

आणि सापडलं! कुंभवलीच्या नाल्याकाठच्या मातीतून उगवलेल्या बुरशीभोवती हे एवढं रिंगण. सूक्ष्मदर्शकाखाली जंतू फुगून फुटताना दिसत होते. ताईने सगळ्यांना चहा पाजला. मग ती बुरशी मातीपासून वेगळी करून पुन्हा वाढवली, तर रिंगण नाहीच. बुरशी बिचारी निर्दोष होती. नाल्यातून कुठल्याशा कारखान्याचं सांडपाणी यायचं, त्यातलं जुनंच औषध मातीत मुरलं होतं. आमच्यासारख्याच कोणीतरी बनवलेलं औषध आम्ही मोठ्या कौतुकाने शोधून काढलं होतं! सगळी प्रयोगशाळा हसली. ताई मात्र बशा धूत राहिली. पुढे तो विभागच बंद झाला. मी संसारात रमले, ती पालघरच्या त्या एका खोलीत राहिली.

काही आठवड्यांनी ती खोली आवरायला गेले. ओट्यावरच्या डब्यात अर्धा पाव राहून गेला होता, त्यावर दाट निळी-हिरवी बुरशी चढलेली. टाकायला उचलला आणि तोंडातून निघून गेलं, "ताई, ही बघ गं..." बुरशी दाखवली की आनंदाने धावत येईल, असं माणूस आता मला जगात कुठेच नाही. तो पाव काही मला टाकवेना.