रानच्या मटनाचा हट्ट

पहिलटकरीण होते, सातवा महिना लागला होता, आणि अंगात रक्त काही चढायला तयार नव्हतं. दवाखान्यातल्या सिस्टरांनी तोंडावरच सांगितलं, "असंच राह्यलं तं बाळंतपणात जिवाले धोका हाय." मी घाबरले. खोटं कशाला बोलू, चांगलीच घाबरले.

सोबत आलेल्या माझ्या सासऱ्यांना, म्हणजे मामाजींना, यावर एकच औषध माहीत. "सशाचं मटन! आमच्या मायले तेच चारत होते. रानातलं जनावर धा झाडाचा पाला खाते, दिवसभर पयते. त्याच्या मटनात लोखंड असते."

"असते ना बाबा," सिस्टर म्हणाल्या. "पण ससा मारला तं जेल. अन् बंदुकीच्या छर्र्यानं मारलेल्या मटनात शिसं उतरते, ते पोटातल्या लेकराले वाईट. बकऱ्याचं चारा, भागते."

मामाजींचं तोंड एवढंसं झालं. बकऱ्याला रानाची सर नाही, हे त्यांचं मत आजही कायम आहे.

पण केनवडच्या आमच्या घरात मटन शिजतच नाही. पुरुषांनी वावरात तीन दगड मांडायचे, वेगळ्या गंजात, म्हणजे पातेल्यात, शिजवायचं, अशी रीत. मामाजी डबा आणायचे, मी ओसरीत बसून खायची. तिखट असं की नाका-डोळ्यांतून धारा! आत्याबाई, माझ्या सासूबाई, पदर नाकाला लावून लांब बसायच्या. माझं खाणं झालं रे झालं की कडक चहा पुढे करायच्या. "घे माय, तोंडाचा वास जाईन." लोहाची गोळीही त्याच चहासोबत.

पुढच्या तपासणीत रक्त जागच्या जागी. मामाजी उसळले, "म्हनलं होतं ना, बकऱ्यात दम नाही!" फासे लावणाऱ्या एकाला त्यांनी निरोपही धाडला. मग मात्र माझं डोकं फिरलं. "मामाजी, नातवाचं तोंड जेलातून पाहता काय?" निरोप मागे घेतला बाप्पा एकदाचा.

त्यापुढच्या तपासणीला आत्याबाई सोबत आल्या. सिस्टरांनी मला विचारलं, "जेवल्यावर काय घेतं?"

"चहा."

त्यांनी कपाळावर हात मारला. "अवं, चहा लोखंड अंगाले लागूच देत नाही!"

चोर सोडून संन्याशाला सुळी! आम्ही बिचाऱ्या बकऱ्याला शिव्या घालत होतो. आत्याबाई घरी येऊन रडल्या. "मीच तुले जहर पाजून राह्यली होती वं."

"चहाच होता, आत्याबाई," मी म्हटलं. मलाही रडू येत होतं.

त्याच आठवड्यात मामाजींना ताप भरला. वावरात जाणार कोण? आत्याबाईंनी नाकाला पदर बांधला आणि आपल्या गॅसवर मटन चढवलं. त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. स्वतः मटन खात नसल्याने चव घेता येईना, म्हणून मीठ राहून गेलं. मी अळणीच खाल्लं, गंज पुसून खाल्लं. वरून लिंबूपाणी. हळूहळू रक्त चढलं. त्या बाईचे उपकार मी कशाने फेडू?

वाशीमला बाळंत झाले. तिथल्या सिस्टर बाळाला दुपट्यात घेऊन दारात गेल्या. दार अर्धं उघडं होतं, मला आत सगळं ऐकू येत होतं. त्यांनी तोंड उघडायच्या आत आत्याबाईंचा आवाज आला, "माह्या सुनेले रगत द्या लागलं काय?"

"नाही. चांगली हाय."

मुलगा की मुलगी, हे त्यांनी त्यानंतर विचारलं.