एकाच अक्षरातल्या एकशे त्रेचाळीस हरकती

सरकारी कचेरीच्या पोर्चमध्ये तिसऱ्या खांबाला खेटून एक पत्र्याचं टेबल आहे. तिथं अर्जमावशी बसतात, बावीस वर्षं झाली. आधी त्यांचे यजमान टाइपरायटर घेऊन बसायचे. ते गेले, मशीनचेही दिवस गेले, तेव्हा मावशींनी पेन उचललं. दाखला हवा असो की पेन्शन अडलेलं असो, मावशी दोनच प्रश्न विचारणार आणि "उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की" अशी सुरुवात करून पानभर मजकूर ठोकणार. अक्षर असं, की खिडकीवरचा कारकून चष्मा न लावता वाचायचा. त्या अक्षराचा मावशींना भारी तोरा. एक पेन्शनर होता, कारखान्यात लेथ मशीन चालवायचा म्हणून सगळे त्याला लेथवाला म्हणत; त्याचा उजवा हात अर्धांगवायूनं लुळा पडलेला. तो दर वर्षी हयातीच्या दाखल्याला यायचा आणि आपणच काही लिहावं म्हणून डावा हात पेनाकडे न्यायचा, की मावशी खेकसल्याच म्हणून समजा, "लिहिणारी मी की तुम्ही?"

एका सोमवारी भिंतीवर नोटीस लागली. कचेरी बायपासच्या पलीकडे नव्या इमारतीत जाणार, नागरिकांनी तीस दिवसांत लेखी हरकती द्याव्यात, मग सुनावणी. मावशींनी नोटीस दोनदा वाचली. नव्या फाटकातून असलं टेबल आत घेणार नाहीत, हे शिपायानं आधीच कानावर घातलं होतं. मग सकाळी उठून जायचं कुठं?

"बरंच झालं की," सून म्हणाली. "आता घरी बसा. गुडघ्यांना आराम."

"गुडघे बसूनच दुखतात गं. घरी बसून काय वेगळे दुखणार?"

दुसऱ्या दिवसापासून मावशी कंबर कसून कामाला लागल्या. जो येईल त्याला धरायचं, नाव-पत्ता विचारायचा, हरकत लिहायची, सही नाहीतर अंगठा घ्यायचा. कुणी म्हणालं, "मावशी, माझी अडचण जरा वेगळी आहे," तर उत्तर ठरलेलं, "असू दे, मजकूर मला पाठ आहे." तीस दिवसांत एकशे त्रेचाळीस हरकती झाल्या. प्रत्येकीत 'नागरिकांची घोर गैरसोय' होती. गठ्ठा सुतळीनं बांधून मावशींनी पोचपावती घेतली आणि शिपायाला ऐकवलं, "आता बघतेच, कशी हलवतात कचेरी!"

सुनावणीला सभागृह भरलं. अधिकारी मॅडम बाहेरून आलेल्या, शांत बाई. त्यांनी गठ्ठा सोडला, पानं चाळली, पुन्हा चाळली.

"या सगळ्या हरकती एकाच अक्षरात आणि एकाच मजकुराच्या आहेत," त्या म्हणाल्या. "सबब ही एकच हरकत धरावी लागेल."

ज्या अक्षराचा मावशींनी जन्मभर तोरा मिरवला, त्यानंच असा घात करावा! आणि खरं सांगू? मॅडमचं काडीचंही चुकलं नव्हतं. एकशे त्रेचाळीस माणसांच्या नावावर एकट्या मावशीच बोलत होत्या. हे त्यांनाही त्याच क्षणी कळलं, म्हणून तर लाज वाटली. त्या खुर्चीला धरून उभ्या राहिल्या.

"मॅडम, चूक माझी आहे, या लोकांची नाही. मला वेळ द्या."

"मी पाच वाजेपर्यंत इथंच आहे. तोवर जे येईल ते घेईन."

साडेअकरा झाले होते. मावशींनी मागच्या बाकावर कोरे कागद मांडले आणि बावीस वर्षांत विचारला नव्हता तो प्रश्न विचारला, "तुमचं नेमकं काय अडतं, ते सांगा." मग काय, बांधच फुटला! एक नर्स म्हणाली, "मला जेवणाची अर्धा तासच सुट्टी असते. तेवढ्यात इथलं काम होतं, तिथं नुसतं पोचायलाच तास लागेल." धुलाईकेंद्रातल्या बाईला ऐकू येत नाही. ती म्हणाली, "इथल्या खिडकीवरची ताई माझ्याशी ओठ हलवून सावकाश बोलते. तिकडं कोण बोलणार?" मावशी ऐकतील तसं लिहीत गेल्या. कुठं 'उपरोक्त' नाही की 'सविनय' नाही.

तीन वाजता बोटं आखडली, आणि रांग तर दारापर्यंत. मावशींनी एकदा घड्याळाकडं पाहिलं, मग उरलेले कागद आणि पिशवीतली सगळी पेनं बाकावर ओतली. "ज्याला येतं त्यानं आपलं आपण लिहा. अक्षर कसं का असेना!" पाचाला पाच कमी असताना गठ्ठा पुन्हा मॅडमसमोर गेला. घरी पोचल्यावर मावशींच्या लक्षात आलं, की या सगळ्या धांदलीत स्वतःची हरकत लिहायची राहूनच गेली.

दीड महिन्यानं निकाल भिंतीवर लागला. साहेबांची दालनं नव्या इमारतीत जाणार. दाखले, पेन्शन आणि नोंदणीच्या खिडक्या मात्र इथंच राहणार. लोकांनी टाळ्या पिटल्या. मावशीही हसल्या, पण पोर्चमध्ये आपल्याला ठेवतील की नाही, ही धाकधूक होतीच. त्या खालपर्यंत वाचत गेल्या. शेवटी लिहिलं होतं, 'हरकत क्रमांक ११२ मान्य. पोर्चमधील टेबल आहे त्या जागी राहील.' सोबत मूळ हरकतीची प्रत डकवलेली होती. अक्षर वेडंवाकडं, ओळी उताराला लागलेल्या:

'खिडकीपर्यंत मी पोचेन. पण तिथं काय बोलायचं ते आधी मावशींच्या टेबलावर कळतं. टेबल राहू द्या.'

खाली लेथवाल्याचं नाव होतं. पदरानं डोळे पुसून मावशी वळल्या, तर स्वारी मागंच उभी.

"काय हो, डाव्या हातानं एवढं लिहिता येतं, तर इतकी वर्षं मला कशाला राबवलंत?"

"तुम्ही कधी पेन दिलंत का?" लेथवाला म्हणाला.

मावशी टेबलाशी जाऊन बसल्या. त्यांनी समोरचं स्टूल पुढं ओढलं, कोरा कागद त्याच्याकडे सरकवला आणि त्यावर पेन ठेवलं.